जुन्या गाडीला पातळ तेल

थंडी पडली की माझं डोकं तापतं. पहाटे द्राक्षबागांच्या बांधावर शेकोट्या दिसायला लागल्या, की आमच्या जुन्नरच्या दुकानात एकेक महाभाग यायला लागतो आणि काउंटरवर हात आपटून एकच मागणी करतो, "भाभी, थंडी लई पडलीया. गाडीला जाड तेल द्या."

मी म्हणते, "थंडीत पातळ न्या." तो इकडेतिकडे बघतो आणि विचारतो, "मालक कुठंयत?"

व्यवसायातले गमतीचे अनुभव लिहा, असं संपादकांनी सुचवलं आहे. गंमत ज्यांना वाटायची त्यांना वाटो. माझी उभी हयात इंजिन ऑइल, फिल्टर आणि फॅनबेल्ट विकण्यात गेली आणि त्यातली निम्मी गिऱ्हाइकांशी भांडण्यात. आता काउंटरवर सून बसते. तिलाही मालक कुठंयत म्हणून विचारतात. ती हसण्यावारी नेते. मला ते कधी जमलं नाही.

आमचं घराणं मूळ राजस्थानातलं, पण मी जन्मले घोडेगावात. शाळा तिथलीच आणि शिव्याही तिथल्याच. लग्न होऊन जुन्नरला आले तेव्हा सासऱ्यांचं हे ऑइल आणि स्पेअरपार्टचं दुकान चालू होतं. माझ्या यजमानांना ऑइलच्या वासाने शिंका येतात. डबा उघडला की माळ लागते. म्हणून ते मालाच्या खरेदीला बाहेर फिरायचे आणि काउंटर माझ्याकडे आला. मारवाड्याची सून म्हणून सगळ्या तालुक्याची मी भाभी झाले. भाभी व्यवहाराला पक्की, हे सगळ्यांना मान्य. भाभीला तेलातलं कळतं, हे मान्य करताना मात्र भल्याभल्यांचा जीव जातो.

ज्यांचा गाडीशी संबंध फक्त बसण्यापुरता आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगते. गाडी रात्रभर उभी राहिली की इंजिनातलं तेल सगळं खाली चेंबरमध्ये उतरतं. सकाळी सेल्फ मारला की पंपाने ते वर चढवायचं असतं. ते वर पोचेपर्यंत लोखंडावर लोखंड घासतं. तेल जाड असेल आणि त्यात थंडी असेल, तर ते लवकर चढत नाही. इंजिन जड फिरतं, बॅटरी दमते आणि गाडी नुसतीच कण्हत राहते. खोबरेल तेलाची बाटली थंडीत गोठली की आपण ती उन्हात ठेवतो, पातळ झालं की मगच डोक्याला लावतो. स्वतःच्या टाळूला पातळ तेल आणि गाडीला जाड, हा कुठला न्याय?

डब्यावर दोन आकडे असतात आणि मध्ये डब्ल्यू. पहिला आकडा थंडीतला, दुसरा इंजिन तापल्यावरचा. पहिला जितका लहान, तितकं तेल थंडीत पातळ राहतं. आमच्याकडच्या जुन्या गाड्यांना वर्षानुवर्षं वीस-चाळीस घालतात. उन्हाळ्यात ते ठीक आहे. थंडीत मी पाच-चाळीस द्यायची. म्हणजे पहाटे पातळ आणि तापल्यावर होतं तेवढंच जाड. यात काही जादू नाही. डबा फिरवून आकडे वाचायचे, एवढंच काम.

पण आमचा मुलूख दुधाचा. इथे पातळ म्हणजे पाणी घातलेलं, हे पोर रांगायला लागायच्या आधी शिकतं. गिऱ्हाईक डब्याचं बूच उघडतं, बोट बुडवतं, अंगठ्यावर चोळतं, दोन बोटांत तार धरून बघतं आणि माझ्याकडे असं बघतं की जणू मी गवळ्याच्या किटलीत तांब्या रिकामा केला. "भाभी, ह्यो तर नुसता पान्याचा कारभार हाय." एकाने तर वास घेऊन जिभेला लावलं. मी म्हटलं, "भाऊ, फॅट किती लागलं ते सांग, म्हणजे तसा दर लावू." तो चिडून निघून गेला आणि समोरच्या दुकानातून जाड तेल घेऊन आला. मला दिसावं म्हणून आमच्याच दारात उभं राहून त्याने ते गाडीत ओतलं.

दुसरी जात गाडी विकणाऱ्यांची. बेल्ह्याच्या बाजाराला जनावरं नेणारा एक व्यापारी होता, जुने टेम्पो घ्यायचा आणि विकायचा. भर उन्हाळ्यात आला आणि सगळ्यात जाड तेल मागितलं की मी ओळखायची, टेम्पोला गिऱ्हाईक लागलंय. झिजलेल्या इंजिनात जाड तेल ओतलं की खडखड दबते आणि धूर कमी होतो. घेणारा खूश होऊन गाडी घरी नेतो आणि पहिल्या थंडीत रडतो. मी त्याला म्हटलं, "तुमच्या बैलाचे दात मोजता, आणि टेम्पोचे झाकता?" तो दात दाखवत म्हणाला, "भाभी, बैलाला तोंड उघडून बघत्यात. इंजनाचं तोंड कोन उघडून बघतंय?" मी त्याला तेल दिलं नाही. त्याने दुसरीकडून घेतलं. माझ्या नकाराने जगात काहीही बदललं नाही, हा अनुभव मला पुष्कळ आहे.

आणि पातळ म्हणजे कितीही पातळ, असंही नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघून आलेले नव्या गाडीचं तेल जुन्या गाडीत घालायला मागतात. दुसरा आकडाही एकदम खाली आणला तर झिजलेलं इंजिन तेल प्यायला लागतं आणि मागून निळा धूर सोडतं. त्यांच्याशीही मी भांडले आहे. माझी बाजू कुणाचीच नाही, डब्यावरच्या आकड्यांची आहे.

पण ज्यासाठी हे लिहायला बसले ते वेगळं आहे.

डिंगोऱ्याचे पोपटराव आमचे जुने गिऱ्हाईक. शेतकरी माणूस, कमी बोलणारा. त्यांची एक जुनी छोटी पेट्रोल गाडी होती. तिला दुसरं काम नव्हतं. त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई, त्यांच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा नारायणगावला डायलिसिसला न्यायचं, तेही सकाळच्या पहिल्या पाळीला. त्या वेळेला एसटी नाही आणि मोटरसायकलवर बसायची त्यांची ताकद नाही. म्हणजे गाडी चालू झाली तर बाईंचं रक्त धुतलं जाणार, नाही झाली तर नाही. पोपटरावांना मी पाच-चाळीस दिलं तेव्हा त्यांनी बोट बुडवलं नाही. नुसतं विचारलं, "पहाटं चालू व्हईल ना?" मी म्हटलं, "एका सेल्फला." आणि तो सबंध हिवाळा ती झाली.

पुढच्या थंडीत एका दुपारी ते आले ते हातात टोपी घेऊन. म्हणाले, "भाभी, गाडीला एखादं गिऱ्हाईक असलं तर सांगा."

"का हो? नवी घेताय?"

"न्हाई. आता लागायची न्हाई."

मला वाटलं बाई गेल्या. त्यांनी सावकाश सांगितलं. बाई जिवंत होत्या. पोपटरावांचा धाकटा चुलतभाऊ बाजीराव, शेजारीच राहणारा. त्याला इंजिनची टकटक ऐकू आली. इंजिनातलं तेल मोजायची काडी ओढून बघितलं तर तेल पातळ. मारवाडणीनं पाणी विकलं म्हणाला, थंडी पडली, म्हातारी गाडी, तिला जाड पाहिजे. आणि भावजयीच्या काळजीने, कुणी न सांगता, त्याने ते सगळं काढून आपल्या शेडमधलं जाड तेल भरलं. पहिल्याच कडक थंडीच्या पहाटे गाडीने गुर्र गुर्र केलं आणि बॅटरी बसली. भावकीने मिळून उतारावर ढकलत नेली. चालू झाली, पण नारायणगावला पोचेपर्यंत बाईंचा बेड दुसऱ्या पेशंटला दिलेला. दुसऱ्या दिवशी नंबर लागला तोवर त्यांना धाप लागली होती, तोंड सुजलं होतं. अंगातलं साठलेलं पाणी एकदम काढताना पायात गोळे येऊन बाई ओरडत होत्या.

"आन् घरी आल्यावर म्हनली," पोपटराव म्हणाले, "गाडीबी आता नको म्हनतीया, मंग मीच कशाला हट्ट करू? आज पाळी व्हती. उठलीच न्हाई."

मला इतका राग आला की हातातला डबा मी काउंटरवर आदळला. गाडी नको म्हणते! गाडीला काय तोंड आहे? कुणीतरी तिच्या घशात चिखल ओतला आणि ही बाई त्याला देवाचा कौल समजून अंथरुणावर पडली! एका डब्यापायी बाई जीव सोडायला निघाली होती आणि तो डबा माझ्यावर अविश्वास दाखवून ओतलेला होता. मी यजमानांना हाक मारली, म्हटलं, बसा काउंटरवर, शिंका काय द्यायच्या त्या द्या. शेजारच्या गॅरेजमधल्या रफिकभाईंना घेतलं, एक भरलेली बॅटरी, फिल्टर आणि तेल घेतलं आणि त्यांच्या जीपमधून आम्ही डिंगोऱ्याला निघालो. इतक्या वर्षांत काउंटर सोडून गिऱ्हाइकाच्या घरी मी पहिल्यांदा गेले.

अंगणात गाडी उभी होती. रफिकभाईंनी चेंबरचा नट खोलला आणि खाली घमेलं धरलं. तेलाची धार लागायला हवी होती. त्याऐवजी गुऱ्हाळातली काकवी ओघळावी तसा एक लोळ निघाला आणि नटाच्या तोंडाशी लोंबत राहिला. रफिकभाईंनी वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी वास न घेताच ओळखलं. सडक्या अंड्यासारखा तो वास गिअर ऑइलचा. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समध्ये घालायचं तेल या बहाद्दराने इंजिन ऑइलमध्ये मिसळलं होतं.

बाजीराव तिथेच उभा होता. अंगाने थोराड, पण चेहरा कसनुसा. "वहिनीसाठीच केलं, भाभी," तो म्हणाला. "थंडीत म्हाताऱ्या मान्साला आपुन गोधडी घालतो का न्हाई? तसंच."

"गोधडी अंगावर घालतात, बाजीराव! घशात कोंबत नाहीत!" मी अशी ओरडले की शेजारच्या बायका बाहेर आल्या. आणखीही बरंच बोलले, ते इथे छापण्यासारखं नाही. तो मान खाली घालून ऐकत राहिला. त्यामुळे मला आणखी राग आला. बेल्ह्याच्या व्यापाऱ्याला शिव्या देऊन मन मोकळं होतं, कारण तो लबाड होता. हा वाईट नव्हता. याने जीव लावूनच घात केला होता, आणि अशा माणसाचं काय करायचं हे मला आजही कळत नाही.

तो राग तसाच घेऊन मी घरात गेले. सुलोचनाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. सुया टोचून टोचून डावा हात गाठी आल्यासारखा झाला होता. आजारी माणसाशी कसं बोलावं याचं भान मला राहिलं नाही. मी म्हटलं, "सुलोचनाताई, काय ऐकते मी? गाडी नको म्हणते म्हणून तुम्ही जायचं सोडलं? त्यात तेल चुकीचं होतं. गाडीला काही झालेलं नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आवाज बारीक होता, पण धार होती. "भाभी, तुमाला तेलाची पडलीया. सुया मला टोचत्यात. परवाचे गोळे मला आलं. तुमी एकदा त्या खुर्चीत बसून या, मंग माझ्यावर आरडा."

आयुष्यात मला गप्प करणारी माणसं फार भेटली नाहीत. त्यांचं खरं होतं. गाडी चालू झाली नाही हे त्यांच्यासाठी निमित्त होतं. त्यांना थकवा आला होता, आणि नाही म्हणायची हिंमत गाडीने त्यांना उसनी दिली होती. बाहेरून घमेलं ओढल्याचा आवाज येत होता. मला आधी वाटलं, आपण उठून निघून जावं. मग पुन्हा राग आला, पण तो वेगळा होता.

मी म्हटलं, "बरोबर आहे. सुया तुमच्या आहेत. तुम्हाला नको असेल तर नका जाऊ, मी एक शब्द बोलणार नाही. पण तुम्हाला नको म्हणून नको म्हणा. बाजीरावच्या डब्यामुळे नको, हे मी चालू देणार नाही. ती गाडी मी आज नीट करून ठेवते. उद्या पहाटे पोपटभाऊ चालू करतील. ती चालू असताना काय ते सांगा."

त्या आत आपल्या सुनेला म्हणाल्या, "भाभीला च्या टाक."

बाहेर रफिकभाईंनी इंजिन दोनदा हलक्या तेलाने धुऊन घेतलं, फिल्टर बदलला, बॅटरी बसवली आणि पाच-चाळीस भरलं. बाजीरावने न सांगता बादलीभर पाणी आणून आमचे हात धुवायला ठेवलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला पोपटरावांचा फोन आला. त्यांनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही, "झाली चालू" एवढंच म्हणाले. मागून बाईंचा आवाज आला, "आवो, फोन ठिवा, रस्त्याकडं बघा." मला बसून राहवेना. यजमानांना उठवून सांगितलं. ते म्हणाले, "बरं," आणि परत झोपले. त्यांच्यावरही चिडले.

पुढे सुलोचनाबाईंनी एक गोष्ट स्वतःकडे घेतली. जुनं इंजिन पातळ तेल थोडंफार पितं, म्हणून काडी बघत राहावं लागतं, हे मी पोपटरावांना बजावलं होतं. ते काम बाईंनी हातात घेतलं. बॉनेट नवऱ्याने उघडायचं, काडी बाईंनी ओढायची, पदराने किंवा फडक्याने पुसायची, परत घालून परत बघायची. नारायणगावहून परत येताना गाडी आमच्या दुकानासमोर थांबवून काचेतून सांगायच्या, "भाभी, काडी दोन रेघांच्या मधी हाय." डायलिसिस करून थकलेलं माणूस, तोंड पांढरं पडलेलं, आणि सांगायचं काय तर काडी. गावात कुणी जाड तेलाचं नाव काढलं की त्याच्याशी माझ्यापेक्षा जास्त त्या भांडायच्या, असं बाजीराव सांगायचा. तो आता तेल आमच्याकडून नेतो. त्याने माफी मागितली नाही आणि मीही ती मागायला लावली नाही. डब्यावरचे आकडे मात्र बोट ठेवून वाचतो.

आणखी दोन हिवाळे गेले. ती गाडी एकाही पहाटे अडली नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

मग उन्हाळ्यात एकदा पोपटराव मोटरसायकलवर आले. गाडी नाही आणली, हे बघूनच मला बरं वाटलं नाही. ते बाकावर बसले. म्हणाले, "सकाळी चालू केली व्हती, भाभी. एका सेल्फला झाली. ती वट्यावर आली. म्हनली, बंद करा, उगं पेट्रोल जाळू नका. मी म्हनलं, आज कणकण हाय का? तर न्हाई म्हनली. आज न्हाई, परवा न्हाई, आता बास." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी लई वेळ तशीच चालू ठिवली. मला वाटलं, आवाज ऐकून तरी येईल."

त्याच संध्याकाळी मी डिंगोऱ्याला गेले. भांडायचं ठरवून गेले होते, वाटेत सगळी वाक्यं जुळवली होती. डॉक्टरांना विचारलं का, मुलांचा विचार केला का, अजून चार वर्षं काढणारी माणसं मी बघितली आहेत, असं सगळं. सुलोचनाबाई ओट्यावर बसल्या होत्या. केस विंचरलेले, नेसलेलं पातळ स्वच्छ. माझं तोंड बघूनच त्यांना कळलं. मी बसायच्या आधीच त्या म्हणाल्या, "भाभी, ह्या टायमाला गाडीची काय बी चूक न्हाई आं. माझंच हाय समदं."

मी शेजारी बसले. त्यांनी माझा हात धरला, गाठी असलेल्या हातानेच. जुळवलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही. बाजीरावच्या पोरींना शिकवा, काडी बघायला शिकवा, असं काहीतरी त्या सांगत होत्या. मी हो हो म्हणत राहिले.

जुन्नरला येईपर्यंत रस्ताभर मी रागाने रडले. शिव्या द्यायला कुणी सापडेना.